गाडीचे मीठ आणि हंड्यातले पाणी

मे महिन्यात आपल्या किनारपट्टीवर दोन गोष्टी बरोबरच येतात. विहिरीचा तळ दिसू लागतो आणि घर पाहुण्यांनी भरते. मुंबई-पुण्याची पोरे आली की पहिला हट्ट समुद्राचा. मग दारातली फोर-व्हील ड्राइव्ह जीप बाहेर निघते, पुळणीवरून दोन फेऱ्या होतात, त्यातली एखादी लाटेच्या कडेने पाणी उडवीत होते, आणि दिवेलागणीला गाडी अंगणात येऊन उभी राहते. गाडी पुळणीवर जाते ती केवळ हौसेने, असेही नाही. दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरात मासळीचा लिलाव वर्षानुवर्षे वाळूवर होत आला आहे आणि माल न्यायला गाड्या खाली उतरत आल्या आहेत. कोणी ट्रॅक्टरने होडी वर ओढून देतो, कोणी बागेसाठी मासळीचे खत भरून आणतो. कारण कोणतेही असो, परत येताना गाडी पोटाखाली समुद्र घेऊन येते.

आता ती धुवायला हवी. पण कशाने? नळाला एक दिवसाआड पाणी, तेही अर्धा तास. ग्रामपंचायतीने गाड्या धुण्यास मनाई केलेली. वरच्या वाडीला टँकर चालू. मग काही घरांत असे होते, की मीठ राहिले तर राहू दे म्हणून गाडी तशीच उभी ठेवतात. आणि काही घरांत घरधनी गुपचूप विहिरीवरचा पंप चालू करून नळी लावतो आणि घरातली बाई दारात उभी राहून नुसती बघत राहते. तिला काय वाटत असेल ते मी सांगायला नको. पंप बंद पडला की डोक्यावर हंडा तिच्याच येणार असतो.

मला सांगायचे आहे ते एवढेच, की गाडी आणि हंडा यांतले एक निवडण्याची पाळी येऊ नये. नीट रीतीने धुतली, तर जीपसारखी गाडी चाळीस लिटरच्या आत-बाहेर पाण्यात मिठापासून वाचते. हे पाणी कुठे आणि कसे टाकायचे, एवढे समजून घ्या.

आधी नळीचा हिशेब करून पाहा. आपल्या घरची पंधरा लिटरची बादली नळीने किती वेळात भरते, ते घड्याळ लावून बघा. मिनिटात भरत असेल, तर पंधरा मिनिटांच्या धुण्याला सव्वादोनशे लिटर पाणी जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे एका संध्याकाळी चार माणसांचे दिवसभराचे पाणी गेले. आणि ते पडते कुठे? बॉनेटवर, टपावर, काचांवर. जिथे रंग आहे आणि मीठ सर्वांत कमी आहे, तिथे! आपण गाडी उभ्याने धुतो, म्हणून जे उभ्याने दिसते तेवढेच धुतो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातले बहुतेक साधे मीठ. पाणी वाळून जाते, क्षार तिथेच बसतात. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतोच. पण त्या पाण्यात मीठ असेल तर ते काम कितीतरी झपाट्याने होते. आता तुम्ही म्हणाल, गाडी तर शेडमध्ये कोरडी उभी आहे. इथेच चूक होते. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटते, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. हवेतला दमटपणा पाऊणशे टक्क्यांच्या वर गेला, की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याहून कमी दमटपणातही पाणी धरतात. किनाऱ्यावरच्या रात्री कशा असतात हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. म्हणजे दिवसा कोरडी दिसणारी तुमची गाडी रोज रात्री खालून पुन्हा खाऱ्या पाण्यात भिजते. समुद्रावर न जाता!

किनाऱ्यालगतच्या एका गावी मी एका बागायतदाराची जीप पाहिली. रंग असा, की तोंड पाहून घ्यावे. पाटे बदलण्यासाठी मेकॅनिकने ती उचलली आणि शॅकलजवळ चासीवर हातोडीचा हलका ठोका दिला, तर पापुद्रे खाली पडले आणि हातोडीचे टोक आत गेले. गाडीचे हप्ते अजून चालू होते. त्या गृहस्थांनी आठवड्यातून दोनदा गाडी धुतली होती, वरून.

आता रीत सांगतो. गाडी पुळणीवरून आली की त्याच दिवशी धुवावी, उद्यावर टाकू नये. पण आल्या आल्या पाणी मारू नये. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम, पुढचे-मागचे डिफरन्शियल तापलेले असतात. अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. तोवर कोरडे काम करून घ्या. पायपुसणी काढून झटका. मडगार्डच्या आत, चासीच्या खाचांत, पाट्यांच्या मध्ये वाळू बसलेली असते ती सुक्या कुंच्याने किंवा काथ्याच्या ब्रशाने पाडा. हे काम कंटाळवाणे आहे, पण निम्मे पाणी इथेच वाचते. नाहीतर तेच पाणी वाळू वाहून नेण्यात जाते. मात्र रंगावरची वाळू सुक्या फडक्याने पुसू नका, ओरखडे उठतात.

चासीला आणि दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ओल्या वाळूने ती बुजतात आणि आत खारे पाणी कोंडून राहते. माडाच्या झावळीचा हीर घ्या आणि प्रत्येक भोक मोकळे करा. हीर मोडला तरी नुकसान नाही, तारेसारखा तो रंगही खरवडत नाही.

गाडी थोड्या उतारावर लावा, म्हणजे पाणी एका बाजूला निथळेल. चाकांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालू नका. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कोणीतरी हसतो. जॅक सरकल्यावर हसायला वेळ मिळत नाही.

आता पाणी. नळी नको, बादलीही नको. फवारणीचा पाठीवरचा सोळा लिटरचा पंप घ्या. मिनिटाला साधारण लिटरभर पाणी तो टाकतो, धार पाहिजे तिथे नेता येते, आणि लान्सचे टोक वाकडे असल्यामुळे वरच्या बाजूच्या खाचाही धुता येतात. नोझलची चकती बदलून बारीक फवाऱ्याऐवजी सरळ धार करून घ्या. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. तणनाशकाचा पंप या कामाला वापरायचा नाही. गाडीखाली मारलेले पाणी तोंडावर उडते आणि पुढे झाडांच्या मुळाशी जाते. कीटकनाशकाचा पंप असेल तर तो आधी तीन वेळा विसळून घ्या, आणि चष्मा लावा. शक्य असेल तर स्वच्छ पाण्याचा एक पंप वेगळाच ठेवलेला बरा. शेजारच्या दोन-तीन घरांत मिळून एक असला तरी भागते.

सोळा-सोळा लिटरच्या दोन टाक्या लागतील. त्या सलग मारू नका, चार फेऱ्या करा. प्रत्येक फेरीला आठ लिटर. पहिल्या फेरीत सगळा खालचा भाग नुसता भिजवायचा आणि दहा मिनिटे थांबायचे, म्हणजे वाळलेले मीठ विरघळेल. दुसऱ्या फेरीत धार आणि ब्रश दोन्ही चालवायचे. एकाने पंप धरावा, दुसऱ्याने घासावे. मग पाणी निथळू द्यायचे आणि तिसरी फेरी, पुन्हा निथळू द्यायचे आणि चौथी. निथळू देणे हा यातला महत्त्वाचा भाग आहे. का, ते पाहा. समजा, गाडीच्या अंगाला एक लिटर खारे पाणी चिकटून आहे, म्हणजे ३५ ग्रॅम मीठ. त्यावर पंधरा लिटर पाणी एकदम ओतले आणि निथळल्यावर पुन्हा एक लिटर चिकटून राहिले, तर मीठ सोळाव्या हिश्श्यावर आले, दोन ग्रॅमच्या थोडे वर. तेच पंधरा लिटर पाच-पाच करून तीनदा टाकले आणि दरवेळी निथळू दिले, तर मीठ दरवेळी सहाव्या हिश्श्यावर येते आणि शेवटी पाव ग्रॅमसुद्धा उरत नाही. पाणी तेवढेच. हा कागदावरचा हिशेब आहे, गाडीच्या खाचाखोचा इतक्या शहाण्यासारख्या वागत नाहीत हे मलाही कळते; पण रीत खरी आहे. औषधाचा रिकामा डबा तीनदा विसळा असे आम्ही सांगतो ते याच कारणाने, आणि तांदूळही घरात एका पाण्याने धूत नाहीत.

धार कुठे मारायची? मडगार्डच्या आतल्या कडांवर, जिथे पत्रा दुमडलेला असतो. चासीच्या आतल्या बाजूला. पाट्यांच्या जोडांत आणि यू-बोल्टवर. ब्रेकच्या नळ्या जिथे क्लिपांनी धरलेल्या असतात त्या क्लिपांच्या मागे. नळी तिथेच कुजते आणि ब्रेक ऐन घाटात दगा देतो. हँडब्रेकच्या केबलवर, सायलेन्सरच्या पट्ट्यांवर, डिझेलच्या टाकीच्या वर. फोर-व्हील ड्राइव्हला साध्या गाडीपेक्षा खाली लोखंड जास्त: पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट, त्याचे क्रॉस, मधली ट्रान्स्फर गिअरची पेटी. ती पेटी ज्या आडव्या पट्टीवर बसते त्या पट्टीवर हटकून ओली वाळू साठलेली सापडते. तिथे हात घालून बघा. पिकअपमधून मासळीची खोकी नेत असाल, तर हौद्याच्या लाकडी फळ्या किंवा चटई उचलून खाली धुवा. बर्फाचे खारट पाणी तिथे वर्षभर झिरपत असते, आणि त्यासाठी पुळणीवर जावेही लागत नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी पुढचा ॲक्सल, चाकांचे हब आणि ट्रॉलीचे पाटे सोडू नयेत. ट्रॉली ही बिचारी कोणी धुतच नाही.

आंबा बागायतदारांकडे एचटीपी पंप असतो. त्याने काम लवकर होते, पण पाणी किती जाते ते ड्रम रिकामा होईपर्यंत कळत नाही. वापरायचाच असेल तर ड्रममध्ये चाळीस लिटरच पाणी घाला. गन बेअरिंगच्या सीलवर, रेडिएटरच्या जाळीवर आणि वायरिंगच्या जोडांवर जवळून रोखू नका. एवढ्या दाबाने मीठ बाहेर येण्याऐवजी आत जाते.

गाडीचा वरचा भाग अर्ध्या बादलीत होतो. मऊ सुती फडके चांगले भिजवून, न रगडता, वरून खाली पुसत या. वरचेवर पिळून घ्या. साबण लावू नका, लावला की तो काढायला पाणी लागतेच. आतल्या फरशीवर खारट पायांनी आलेले पाणी असते ते ओल्या फडक्याने दोनदा पुसा. मुलांचे समुद्रात भिजलेले कपडे सीटवर टाकू नयेत हे घरातल्यांना एकदा सांगून ठेवा. पत्रा आतून कुजायला लागला की ते कळायलाच उशीर होतो.

पाणी कोणते घ्यावे, हाही प्रश्न आहे. पावसाचे साठवलेले पाणी असेल तर त्याच्यासारखे दुसरे नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. ते पाणी पहिल्या दोन फेऱ्यांना चालेल, समुद्रापेक्षा ते पुष्कळच गोडे. शेवटच्या दोन फेऱ्यांना मात्र गोडे पाणी हवे. कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी पहिल्या फेरीला खुशाल वापरा. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षारांचे असते. ते शेवटच्या फेरीला नको.

आणि विहिरीवरचा पंप का लावू नये, याचे कारण केवळ शेजाऱ्यांची भीड नव्हे. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके. जमीन वाळूची, सच्छिद्र असेल, तर ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी उभे असेल तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी मिळते. उलट, उपसा करून वरची पातळी एक फूट कायमची उतरवली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढू पाहते. मेच्या अखेरीस एखाद्या वाडीची विहीर एकाएकी खारट होते, त्यात समुद्राचा राग नसतो, वर्षानुवर्षांचा उपसा असतो. गाडीचे मीठ काढायला पंप चालवावा आणि ते मीठ विहिरीत आणावे, हा कुठला व्यवहार?

काही मंडळी म्हणतील, पाणी नाही तर डिझेल वॉश करू. डिझेलने ग्रीस आणि चिखल निघतो. मीठ डिझेलमध्ये विरघळत नाही. ते पाण्यातच विरघळते. शिवाय डिझेलने रबरी बुश फुगतात. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळके ऑइल फासायची आपल्याकडे जुनी रीत आहे. धुऊन, वाळवून, रबर वाचवून लावले तर काही दिवस उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण न धुता लावले, तर मिठावर झाकण बसते आणि आत गंज निवांत चालू राहतो. आणि ते ऑइल अंगणात ठिबकते. जांभ्याची जमीन चाळणीसारखी असते. अंगणात ठिबकलेले पावसात कुठे जाते, ते विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसल्यावर कळते. त्यापेक्षा गॅरेजमध्ये मिळणारे गंजरोधक लावा, तेही गाडी स्वच्छ झाल्यावर.

गाडी हबच्या वर पाण्यात गेली असेल, तर धुण्याने भागत नाही. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर नावाच्या छोट्या श्वासनळीतून किंवा सीलमधून पाणी आत खेचले जाते. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी, न हलवता, डिफरन्शियलखालचा बोल्ट किंचित सैल करा. पाणी जड, ते आधी गळेल. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर ते त्याच दिवशी बदला. चार दिवसांनी बेअरिंगसकट बदलावे लागेल. वाळू गेलेले ब्रेकचे ड्रम मेकॅनिककडून उघडून साफ करून घ्या. धुणे झाल्यावर क्रॉस आणि शॅकलच्या निपलांना ग्रीस गन लावा आणि जुने ग्रीस बाहेर येऊन ताजे दिसेपर्यंत दाबा. मग गाडी हळू चालवून ब्रेक चार-पाच वेळा दाबून कोरडे करा. त्या रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.

धुतलेले पाणी विहिरीकडे वाहू देऊ नका. तेलकट नसेल तर ते माडाच्या आळ्यात सोडा. थोडे खारट पाणी माडाला चालते. सुपारी, मिरवेल, भाजीचे वाफे आणि आंब्याची कोवळी कलमे यांच्याकडे ते नेऊ नका, पानांची टोके करपतात.

गाडी पाण्याच्या कडेने न नेणे हे सर्वांत स्वस्त, हे तर उघडच आहे. अनेक पुळणींवर वाहनांना मनाई आहे, तिथे गाडी नेऊच नये. जिथे कामासाठी जावे लागते तिथे ओहोटीची वेळ बघून, भरतीच्या ओल्या रेषेच्या वरून आणि सावकाश जावे. चाकांनी उडवलेले पाणीच पोटाखाली बसते. आणखी एक. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने त्यांचे संरक्षण चालवले, आणि पुढे ते काम बऱ्याच किनाऱ्यांवर पसरले. पिल्लू असते तळहातापेक्षा लहान. जीपच्या चाकाची चाकोरी त्याला खंदकासारखी. त्यात पडले की समुद्र सापडत नाही, कावळ्यांना मात्र ते सापडते.

मीठ निघाले की नाही हे कसे ओळखावे? चौथ्या फेरीनंतर चासीवरून ठिबकणारा एक थेंब स्टीलच्या स्वच्छ ताटलीवर घ्या. शेजारी, ज्या पाण्याने धुतले त्याचा एक थेंब ठेवा. दोन्ही उन्हात वाळू द्या. चासीच्या थेंबाचा पांढरा डाग दुसऱ्यापेक्षा ठळक दिसला, तर अजून एक फेरी करा, आठ लिटरची. हे काम मृगाच्या आधी उरकायचे. पहिल्या पावसात गाडी उघड्यावर ठेवली की धुऊन निघेल, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पाऊस वरून पडतो. खाली खाचेत बसलेल्या मिठाला तो धुऊन नेत नाही, फक्त ओले करतो, आणि पुढचे चार महिने ते वाळत नाही.